शेळीवरचा आळ

सुकेळी करावीत ती माझ्या थोरल्या जावेनेच. आमच्या गिरीजमध्ये दुसऱ्या कोणाला तशी जमत नाहीत. पिकलेली राजेळी केळी सोलून ती बांबूच्या ताटीवर उन्हात ठेवते, संध्याकाळी झाकते, सकाळी परत उघडते. आठवड्याभरात ती मधाच्या रंगाची होतात. माझी एकतर काळी पडायची, नाहीतर आंबायची. मी तिला दोनदा विचारलं होतं, "बाय, झाकायला काय वापरता?"

"हात वापरते," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा विचारायचा मला धीर झाला नाही. मला तसंही चार माणसांत बोलायला जमत नाही.

सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती देवळात गेली होती. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. मी मागच्या फाटकातून तिच्या वाडीत शिरले आणि ताटीवरची पानं हळूच उचलून पाहिली. एवढ्यात रस्त्यावर तिचा खोकला ऐकू आला. आमचं अंगण एक असलं तरी चुली वेगळ्या; मी जी पळाले ती थेट माझ्या चुलीपाशी येऊन बसले. फाटकाची कडी घालायची राहिली.

सकाळी ताटी रिकामी होती आणि खाली लेंड्या पडल्या होत्या. शेजारच्या वाडीतल्या वहिनींची शेळी दावं सोडवण्यात पटाईत होती. जावेने कुंपणापाशी जाऊन तोंड सोडलं.

"तुझ्या शेळीने माझी सगळी सुकेळी खाल्ली."

"फाटक सताड उघडं होतं, बाय. शेळी काय कडी काढते?"

"कडी मी माझ्या हाताने घातली होती, खोटारडे. म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी कुठे तसं म्हटलं? पण शेळीलाही बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने मी बोलते."

दोघींचंही खरं होतं. खोटी एकटी मी होते, आणि मी घरात तांदूळ निवडत बसले होते. बाहेर जाऊन सांगायला दहा पावलं चालावी लागली असती. पण मग बायने विचारलं असतं, माझ्या वाडीत तुझं काय काम होतं? त्या प्रश्नाला मी भ्यायले. तेव्हापासून दोघी बोलेनाशा झाल्या. दिवाळीला वहिनींच्या घरून माझ्याकडे फराळाचं ताट यायचं, बायकडे नाही. नाताळला बायची ताटं गावभर फिरायची, फक्त एक कुंपण सोडून. वहिनींची चकली मी तरीही खात होते.

दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी देवळात फादरांपुढे पाप कबूल करत होते. पण कसं? "रागावले, खोटं बोलले, दुसऱ्याच्या वाडीत गेले, रविवारची मिस्सा चुकवली," असं एका दमात. फादर नमो मारियाच्या तीन प्रार्थना म्हणायला सांगायचे. मी त्या तिथेच गुडघ्यावर म्हणायचे आणि हलकी होऊन घरी यायचे. घरी आलं की कुंपण दिसायचं.

मी बोळिंजला एका सोसायटीच्या फाटकाशी भाजी विकायला बसते. गेल्या पावसाळ्यात तिथली एक जैन बाई रिकाम्या हाताने माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "मावशी, मिच्छामि दुक्कडम."

मला वाटलं, काही तक्रार आहे. मी घाबरून उठले.

"अहो, बसा. आज आमच्यात सगळ्यांची माफी मागतात. वर्षभर मी तुमच्याशी भाव करताना कायकाय बोलले असेन."

"काही नाही हो, काही नाही."

"असं नाही चालत. माफ केलं म्हणा."

तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. शेवटी पुटपुटले, आणि सवयीने तिला कोथिंबिरीची जुडी दिली. तिने ती हसून परत ठेवली. त्या दिवसांत त्यांच्यात हिरवं खात नाहीत. ती गेल्यावर मी कितीतरी वेळ भाजीवर पाणी मारत बसले. भाव करण्यावरून ही बाई पाच मजले उतरून खाली येते, आणि मला दहा पावलं जड झाली.

मग निवडणूक आली. एक उमेदवार पाच-सहा माणसं घेऊन आमच्या अंगणात आला आणि बायपुढे वाकला. "आई, काही चुकलंमाकलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा."

बाय केळीचा घड साफ करत होती. म्हणाली, "करते की. काय चुकलं ते सांग."

तो हसला. "म्हणजे, आपलं एकंदर."

"एकंदर माफी नसते, बाबा. रस्त्याचं सांग, गटाराचं सांग, नळाचं सांग. यादी मोठी असेल तर खुर्ची देते."

त्याच्याबरोबरची माणसंच जास्त हसली. मी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आलं नाही. एकंदर माफी तर मीही दर वर्षी मागत होते.

यंदा उपवासकाळात देवळात नवे, तरुण फादर होते. मी नेहमीची यादी म्हणून दाखवली. त्यांनी मध्येच थांबवलं. "दुसऱ्याच्या वाडीत गेलात, त्यात कोणाचं नुकसान झालं?"

"शेळीचं," मी म्हणाले.

 मग त्यांनी सगळं नीट सांगायला लावलं. ऐकून म्हणाले, "देवाने तुम्हाला माफ केलं, ते झालं. पण दुसऱ्यावर आळ आला आहे, तो तुम्हालाच काढावा लागेल. नमो मारिया म्हणून तो निघणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी आधी वहिनींकडे गेले. त्या हसतील आणि पाठीवर हात ठेवतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुपातलं धान्य बाजूला केलं.

"त्या भांडणापायी मी ती शेळी विकली. ठाऊक आहे ना?"

"हो."

"आणि माझी चकली सहा वर्षं खाल्लीस."

"हो."

"मग मला आज माफ करता येणार नाही. दोन दिवस रागावू दे. एवढी वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावले, आता जरा बरोबर माणसावर रागावते."

मी मान खाली घालून उठले आणि तशीच बायकडे गेले. तिथे उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तिने ज्या प्रश्नाला मी भीत होते तोच विचारला.

"माझ्या वाडीत कशाला आली होतीस?"

"सुकेळी कशी झाकता ते बघायला."

"विचारायचं मग."

"दोनदा विचारलं होतं, बाय. तुम्ही म्हणालात, हात वापरते."

ती समोरच्या घडावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पानं सुकीच हवीत. ओलसर पान घातलंस की केळं आंबतं. एवढंच आहे ते." घड खाली ठेवून म्हणाली, "एवढ्याशासाठी मी त्या बाईला काय काय बोलले."

त्याच दुपारी ती कुंपणापाशी गेली. मी दारातून पाहत होते. वहिनी कुंपणापलीकडे पाठ करून उभ्या होत्या. बाय म्हणाली, "तुला खोटारडी म्हटलं. तुझ्या शेळीला चोर म्हटलं. माझं चुकलं."

"शेळी चोरच होती," वहिनी न वळता म्हणाल्या. "पण मी खोटारडी नव्हते." आणि आत गेल्या.

दोन दिवस कुंपणापलीकडून आवाज आला नाही. बाय त्या दोन दिवसांत जेवणात मीठ घालायला दोनदा विसरली. मी भाजी घेऊन बोळिंजला गेले, पण सुट्टे द्यायलाही सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या, मागच्या फाटकातून. कडी त्यांनी नीट घातली, ओढूनही पाहिली. ओट्यावर बायच्या शेजारी बसल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "संपला माझा राग. चहा टाक."

मी आत गेले. बाहेर दोघी माझ्याबद्दलच बोलत होत्या.

"लग्न होऊन आली तेव्हापासून अशीच. तोंडात शब्द नाही."

"शब्द नाही, पण पाय किती चालतात बघा."

"आणि कान. माझा खोकला कुठून ऐकला हिने?"

मग दोघी हसायला लागल्या. चहा उकळून कधीच झाला होता. मी तो आणखी थोडा उकळू दिला, कारण डोळे पुसायचे होते आणि त्यांना मी हवा तेवढा वेळ नावं ठेवू देणार होते.