दीर्घजीवितेचं वाक्य

हैदराबादच्या नल्लकुंट्यातले आमचे शेजारी परिभाषा विभागात कारकून होते. सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून विचारायचे, "मॅक्रोबायोसिस म्हणजे दीर्घजीविता. वाक्यात कसं वापराल? जल्दी बोला!" उत्तराआधीच पेडल मारायचे.

हैदराबाद राज्याचे तुकडे होणार होते. मुंबई राज्यात जायचं की इथंच राहायचं, हे मराठी कारकुनांना लिहून द्यायचं होतं. शेवटच्या दिवशी शेजारी धापा टाकत आमच्या फाटकाशी आले. "मिळालं वाक्य!"

त्यांनी पुढे केलेल्या कागदावर होतं : जागा न सोडणाऱ्या झाडाला दीर्घजीविता लाभते.

मी कागद उलटला. तो त्यांचाच पसंतीचा अर्ज होता. कोरा.

"अहो, आज मुदत संपते!"

"हौ," म्हणाले, आणि पहिल्यांदाच सायकल भिंतीला लावून आमच्या पायरीवर बसले.