छपरावरची सतरा मांजरं आणि माझं बोट

माझ्या मेहुण्याने दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनमधल्या एका बंगल्याच्या छपराला माशाचं तेल फासलं, ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात गेली वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगितली जाते. मी ती कधीच सांगत नाही. लोक पोट धरून हसायला लागले की मी पाणी प्यायला उठतो. (नाईकांना तब्येतीची फार काळजी, असं सगळ्यांना वाटतं.) आता पंचाहत्तरी उलटली, पाणी पिऊन पिऊन मूत्रपिंडं थकली. तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अबू धाबीच्या मुसफ्फामधल्या एका बांधकाम कंपनीत पर्चेस मॅनेजर होतो, म्हणजे पगारी घाबरट होतो. मला आमच्या मालकाची, अरबाबची, भीती वाटे. व्हिसाची वाटे. फोन वाजला की वाटे, आणि वाजला नाही तर जास्त वाटे! त्यात अरबाब कॅनडाला जाऊन आले आणि तिथलं लाकडी कौलांचं छप्पर त्यांच्या मनात भरलं. "नाईक, बीच का घर को वैसा छत मांगता." बीचचं घर म्हणजे उम्म अल कुवैनचा समुद्रकाठचा बंगला.

मी कॅटलॉग मागवला. सीडरच्या लाकडाची, हाताने फोडलेली जाड कौलं. दोन प्रकार होते. एक उभ्या सरळ रेषांचा, आग लागू नये म्हणून औषध मारलेला. दुसरा लाटालाटांच्या नक्षीचा, औषध न मारलेला, पण काय देखणा! सल्ल्याला दत्ताला बोलावलं. दत्ता म्हणजे सुमनचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. मालवणकडचा सुतार. मीच त्याला कंपनीत चिकटवला होता.

"भावोजीनू, उभ्या रेषांचे घ्या. ते नक्षीवाले उन्हात वळतले."

"दत्ता, तू सुतार आहेस."

"म्हणानच सांगतंय!"

मी नक्षीवाली घेतली.

पहिल्याच उन्हाळ्यात अख्खं छप्पर तळलेल्या पापडासारखं वळलं. दुपारी खाली उभं राहिलं की वर लाकूड तडकायचं. टक! टक! मला प्रत्येक वेळी पासपोर्टवर शिक्का बसल्यासारखं वाटायचं. अरबाब सुट्टीवर लंडनला होते, नऊ दिवसांनी परत येणार होते. या लाकडाचं खास तेल परदेशातून मागवायचं, तर ऑफिसात कारण सांगावं लागणार. म्हणून मी दुबईत देऱ्याच्या धक्क्यावर गेलो आणि गलबतांना लावायच्या तेलाचे सहा डबे घेऊन आलो. गलबतंही लाकडाचीच असतात ना!

दत्ताने डबा उघडला आणि मान मागे घेतली. "भावोजीनू, ह्या माशाचा त्याल. होडी समुद्रात ऱ्हवता, वास वारो घेऊन जाता. हय वास खंय जातलो?"

"सुकल्यावर जाईल." (मला यातलं काडीचंही कळत नव्हतं.)

बिचाऱ्याने फटीफटीतली वाळू ब्रशने काढली आणि दोन दिवस तेल लावलं. छप्पर असं चमकायला लागलं, की मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि शुक्रवारी घरच्यांना ते दाखवायला घेऊन गेलो.

गाडीतून उतरताच सुमनने पदर नाकाला लावला. "अहो, इथे बोंबील सुकत घातलेत का कुणी?"

आमची मेघना वर बघत होती. "बाबा, देअर आर सेव्हन्टीन कॅट्स ऑन द रूफ."

सतरा! सगळी छप्पर चाटत होती. मधोमध दत्ता झाडू घेऊन उभा. तो एका मांजराला हाकलायचा, तेवढ्यात दुसरी दोन यायची. मायलेकी गाडीत परत जाऊन काचा वर करून बसल्या. आणि तेवढ्यात फाटकातून अरबाबची गाडी आत आली. दोन दिवस आधी! बरोबर पाहुणे, कोळशाची पोती आणि टबभर हामूर मासा.

अरबाबनी वर बघितलं. "नाईक, इतना बिल्ली किधर से आया?"

"अरबाब... अभी बिल्ली का सीझन है."

ते दिलदार माणूस. हसले. "यल्ला, सब लोग मछली खाएगा!" म्हणत त्यांनी शेगडी लावली ती नेमकी वळचणीखाली. वळचणीतून तेल ठिबकत होतं. एक थेंब निखाऱ्यावर पडला आणि हातभर ज्वाळा उठली. सगळे पाहुणे "वा!" म्हणाले. तेल प्यालेलं, औषध न मारलेलं लाकूड, खाली निखारे आणि वर माझ्या बायकोचा भाऊ! दुसरा थेंब पडायच्या आत मी माशांचा टब उचलला आणि पाण्यासकट शेगडीवर पालथा केला.

धूर खाली बसला तेव्हा अरबाबचा पांढराशुभ्र झगा राखेने काळा झाला होता. सतरा मांजरं वरून उड्या मारून हामूरवर तुटून पडली. पाहुणे पळाले.

अरबाबनी वळचणीला बोट लावलं, वास घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "ये किसने लगाया?"

मला तोंड उघडायचं होतं. शपथेवर सांगतो, उघडायचं होतं. पण तोंडाऐवजी माझं उजवं बोट आपोआप वर गेलं. छपराकडे.

दत्ताने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग बंद गाडीतल्या बहिणीकडे.

"मैंने, अरबाब."

"खलास," अरबाब म्हणाले.

आठवड्याभरात त्याचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर तो म्हणाला, "भावोजीनू, तुमची नोकरी रवली ना? मग ताईक काय सांगू नकात. तिका वाईट वाटतला." मी नाही सांगितलं. मी दिलेला शब्द पाळतो! पुढे मी तिथे आणखी अकरा वर्षं नोकरी केली, आणि सुमन प्रत्येक लग्नात म्हणत राहिली, "आमच्या दत्ताला पहिल्यापासून अक्कल जरा कमीच."

गेल्या वर्षी दत्ता गेला. त्याच्या दोन वर्षं आधी मी खास माफी मागायला त्याच्या गावी गेलो होतो. बसमध्ये वाक्य चाळीस वेळा म्हणून पाहिलं होतं. ओटीवर आम्ही दोघंच. दत्ताचं मांजर माझ्या मांडीवर येऊन बसलं.

"दत्ता, मला तुला एक सांगायचं होतं."

"सांगा, भावोजीनू."

मांजराने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"...मांजर छान आहे."

"आसा ना?" दत्ता म्हणाला. "नाव अरबाब."

मी पाणी मागितलं.