कमलबाईची डावी चप्पल

त्या गुरुवारी सकाळी मलकापूरला मी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात शीलाचा फोन आला. शीला म्हणजे कमलबाईची सून. "शिस्टर, आई गेली. चहा ठेवाले उठली अन् चुलीपाशीच बसली... मंग उठलीच नाही." एवढं बोलून ती रडायला लागली. मी मेथी तशीच टाकून मोताळ्याची एसटी धरली, तिथून ऑटो. गावात शिरताना आधी लागतो दवाखाना, म्हणजे आमचं उपकेंद्र, जिथं मी एकोणीस वर्षं सिस्टर होते. गुरुवार हा डॉक्टरांचा वार. पण वाटलं, आज कसला दवाखाना, सगळं गाव मयतीला असणार. बघते तर ओट्यावर चपलांची रांग लागलेली, भिंतीपासून थेट कडुनिंबापर्यंत! रांगेजवळ कमलबाईची जोडीदारीण नसीमआपा उभी होती. म्हणाली, "मैयत दुपारी हाय शिस्टर, तवरिक लोकं तपासून घेतीन. आज रांग मोडली असती ना, तर थे उठून बसली असती अन् आपल्याले शिव्या देल्या असत्या." रडावं की हसावं... मी दोन्ही केलं.

ही रांग काय भानगड आहे ते आधी सांगते, म्हणजे कमलबाई कळेल. मी त्या गावात नवी होते तेव्हा डॉक्टर यायचे आणि दोन तासांत जीप वळवून निघून जायचे. त्या दोन तासांत कोणाला तपासायचं हे वहीत मी लिहायची, पण ठरवायचं मात्र मोठ्या घरानं. बापूसाहेब काठी टेकत यायचे, त्यांच्यामागे त्यांच्या घरातल्या बाया, मग भाऊबंद, मग त्यांच्या ओळखीचे. बौद्धवाड्यातल्या आणि मोहल्ल्यातल्या बाया सकाळपासून कडुनिंबाखाली बसलेल्या असायच्या, आणि जीप गेली की मुकाट उठून जायच्या. दिवसाची मजुरी गेली ती वेगळीच. मी काय करायची? काही नाही. मी नांदुऱ्याच्या शेतकरी घरातली, आपण वरचे आहोत हे न सांगता शिकलेली. बापूसाहेबांनी हाक मारली की माझं पेन आपोआप चालायचं. याची मला लाज वाटते आणि ती मी इथं लिहून ठेवते आहे.

कमलबाईचं घर बौद्धवाड्यातलं. शीलाला तेव्हा आठवा महिना होता. पाय सुजलेले, डोकं दुखत होतं. सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती पोर. मी तिला म्हटलं, "बस, बोलावते." बोलावलंच नाही. म्हणजे बोलावलं, तेव्हा जीप सुरू झाली होती. दोन दिवसांनी तिला टेम्पोत घालून बुलढाण्याला नेलं. शीला वाचली, बाळ नाही वाचलं. पुढच्या आठवड्यात कमलबाई दवाखान्यात आली. मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या उपटणार, आणि उपटल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती खुर्चीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "शिस्टर, तुमच्या वहीत माह्या सुनंचं नाव कितवं हाय?"

"शेवटचं."

"अन् आली होती कितवी?"

"पहिली."

"मंग थे नाव खोडू नका. तसंच राहू द्या. मले लोकाइले दाखवाचं हाय."

आणि तिनं खरंच दाखवलं हो! वही मागायला ती नसीमआपाला घेऊन आली. दोघी कापूस वेचायला एकाच शेतात जायच्या, तेवढीच ओळख. नसीमआपाच्या अंगणात बैठक बसली. बौद्धवाड्यातल्या बाया, मोहल्ल्यातल्या बाया, आणि गंमत म्हणजे गावातल्या चारपाच कुणब्यांच्या बायाही, कारण गरीब कुणब्यांचा नंबरही मोठ्या घरापुढे कधी लागत नव्हता. मी दाराशी उभी. कोणी म्हणे अर्ज करू, कोणी म्हणे भांडू. कमलबाई म्हणाली, "चपला ठेवू." सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. "जे येईन त्यानं एक चप्पल रांगीत ठेवाची अन् घरी जाऊन भाकरी टाकाची. एकच ठेवा, जोड नाही. एकटी चप्पल कोनी चोरत नाही. अन् हालवनार कोन? ज्याले आपल्या हातचं पानी चालत नाही, थो आपल्या चपलेले हात लावीन काय?" अंगणात जे हसू फुटलं, ते अजून माझ्या कानात आहे. ज्या गोष्टीनं या बायांना जन्मभर मागे बसवलं, तिलाच या बाईनं पहाऱ्याला बसवलं.

पुढच्या गुरुवारी बापूसाहेब आले. रांग पाहिली. काठीनं दोन चपला बाजूला सारल्या, तर दोन बायांनी त्या परत जागेवर ठेवल्या. त्यांनी पुन्हा सारल्या, यांनी पुन्हा ठेवल्या. मग कमलबाई पुढे झाली, पदर खोचलेला, पायात एकच चप्पल. "बापूसाहेब, काठीनं नाही. हातानं उचला अन् ज्याची हाय त्याच्या हातात द्या. मंग तुमचा नंबर पहिला, माही जबान हाय." म्हातारा लालबुंद झाला. रांगेत कोणती चप्पल कोणत्या जातीची, हे त्यांना कसं कळणार? सगळ्याच मळकट, सगळ्याच झिजलेल्या. शेवटी तणतणत परत गेले. आणि तीन आठवड्यांनी त्यांचा गडी आला, सोबत बापूसाहेबांची एक चप्पल... ठेवली रांगेत, नववी! त्या दिवशी नसीमआपानं सगळ्यांना गूळ वाटला.

तिथंच थांबली असती तर ती कमलबाई कसली! "रांग नीट झाली, पन जीप तर जातेच ना," असं म्हणत त्या बाया मोताळ्याला तालुक्याच्या कचेरीत गेल्या, एकदा नाही, इतक्यांदा की तिथला शिपाई त्यांना बघून दार लावून घ्यायचा. मीही गेले, वही घेऊन. नोकरी जाईल, असं वाटेत दहादा म्हणायची. कमलबाई म्हणायची, "भेवू नका शिस्टर, नोकरी गेली तर चला आमच्यासंगं कापूस वेचाले. शिकवतो तुम्हाले." अखेर डॉक्टरांना रांग संपेपर्यंत थांबायचं लेखी मिळालं. तेव्हापासून रांगेतली पहिली चप्पल कायम कमलबाईची असे. डावी, निळ्या पट्ट्याची, अंगठ्याशी तारेनं शिवलेली. स्वतःला काही होत नसायचं तिला. पहिला नंबर घ्यायचा आणि त्या दिवशी ज्याला थांबणं झेपणार नाही त्याला देऊन टाकायचा, मग तो बौद्धवाड्यातला असो, मोहल्ल्यातला असो की मोठ्या घरातला. आणि स्वतः कडुनिंबापाशी रांग संपेपर्यंत उभी, एक पाय अनवाणी.

आता जे सांगायचं आहे ते सांगते, नाहीतर हा लेख खोटा होईल. एका गुरुवारी बकऱ्या घुसल्या आणि चपला इकडेतिकडे झाल्या. कमलबाई एका म्हातारीला धरून उभी होती. ओरडली, "शिस्टर, तेवढी माही जाग्यावर ठेवा बरं!" माझ्या हातात बीपीचं मशीन नव्हतं, वही नव्हती, काही नव्हतं. हात रिकामे होते. आणि मी तिची चप्पल पायानं सरकवली. तिच्या घरी मी चहा प्यायले होते, जेवले होते, शीलाची पुढची दोन बाळंतपणं या हातांनी केली होती. तरी पायानं. कमलबाईनं पाहिलं. जाताना एवढंच म्हणाली, "शिस्टर, तुम्हीबी हात नाही लावला. रांगीच्या कामाच्याच निघाल्या." आणि हसली. रागावली असती तर मी माफी मागितली असती. हसली म्हणून ती माफी राहूनच गेली... निवृत्त होऊन मलकापूरला आले, दर सणाला फोन केले, पण ते काही बोलता आलं नाही.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेले, तेही गुरुवारीच. गुडघे दुखतात हे निमित्त. दवाखान्याला आता नवी फरशी बसली आहे. कोणी मोठे साहेब बघायला येणार म्हणून बापूसाहेबांचा मुलगा, जो हल्ली गावचा पुढारी आहे, सकाळपासून तिथं हजर होता. रांगेत सर्वात पुढे कमलबाईची निळी डावी चप्पल. शीलानं दर गुरुवारी ती ठेवायचं चालूच ठेवलं होतं. पुढारी म्हणाला, "हे काय चाललंय? फोटोत चपला येणार का? अन् ही तर मेलेल्या बाईची!" असं म्हणून त्यानं बुटाच्या टोकानं ती उडवली. ती फरशीवरून घसरत माझ्या पायाशी आली. शीला उचलायला वाकली. मी म्हटलं, "थांब पोरी. तू नको."

मी दोन्ही हातांनी ती उचलली. किती हलकी होती! तारेचं टोक तळहाताला टोचलं. पदरानं धूळ पुसली, भिंतीपाशी गेले आणि पहिल्या जागी ठेवली. मग त्या पुढाऱ्याला म्हटलं, "आता काढायची असेल तर हातानं काढ. तुझ्या वडिलांना जमलं नाही, तू बघ जमतंय का." आवाज माझाच होता, पण इतका मोठा तो याआधी कधी निघाला नव्हता. तो आजूबाजूला बघत राहिला. कडुनिंबाखालच्या बाया उभ्या राहिल्या होत्या, नसीमआपा सर्वात पुढे. साहेब येईपर्यंत तो फोनवर बोलत बाहेरच थांबला. आणि फोटोत चपला आल्या, सगळ्या.

नव्या सिस्टरनं आतून पहिला नंबर पुकारला. शीलानं तापानं फणफणलेल्या एका बाईला दंडाला धरून आत नेलं. मग त्या सिस्टरचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अहो मॅडम, तुम्ही बाहेर काय? या ना, आधी तुमचं बघून घेऊ."

मी माझी डावी चप्पल काढून रांगेच्या शेवटी ठेवली होती. म्हटलं, "माझा चौदावा आहे. थांबते मी."