कुंचल्याचे तीन फराटे

बंदरावर तिला सगळे चुनेवाली म्हणतात. काम एकच. किनाऱ्यावर एक दगड, वर टेकडीवर दुसरा, दोन्ही चुन्याने पांढरेफटक ठेवायचे. होडीवाल्याने दोन्ही दगड एका रेषेत धरले की सरळ आत यायचं. एक जरी दिसला नाही तर बाहेरच थांबायचं, कारण तोंडाशी पाण्याखाली खडक आहे, होडीचं पोट फाडतो. आत आलं की मग वादळाचा बाप येऊ दे, पाणी हलत नाही.

बारा वर्षांपूर्वी तिचे गुडघे ठणकत होते. वरचा दगड रंगवला आणि खाली जाऊन कुंचला धुवायचा आला कंटाळा. तिने तो जरा खालच्या काळ्या खडकावर पुसला. तीन फराटे, एवढंच. दुसऱ्या दिवशी धुकं वरून उतरलं. दगड झाकला गेला, फराटे उघडे राहिले. तिच्या दादाने त्यांनाच वरचा दगड समजून होडी आत घातली.

होडी सापडली. दादा नाही.

त्याच दिवशी तिने खडक घासून डांबर फासलं. कुणाला बोलली नाही. वहिनीच्याच घरात राहिली. पण दर वर्षी डांबराचे पोपडे सुटतात, फराटे वर येतात. आतून दादाच नखाने खरवडतोय, असं तिला वाटतं.

आज भाचा, दादाचा मुलगा, पहिल्यांदाच एकटा होडी घेऊन गेलेला. दुपारी तसंच धुकं उतरलं. चुनेवाली धापा टाकत चढली. फराटे होतेच. डांबर घरी. बाहेरून भाच्याचा भोंगा वाजला. तिने फराट्यांवर काळी शाल पसरली आणि खडकाला पाठ लावून बसली.

मागोमाग वहिनी आली. "अशी काय बसलीस? अंडी उबवतेस?"

"वहिनी, मी इथे कुंचला पुसला होता. दादा गेला त्याच्या आदल्या दिवशी." तिने शाल जराशी बाजूला केली.

भोंगा पुन्हा वाजला, जवळून.

"बारा वर्षं माझ्या हातचं जेवलीस."

"हो."

वहिनी तिच्या शेजारी खडकाला टेकून बसली. "सरक. तिसरा दिसतोय अजून."

भोंगा बाहेरच थांबला. धुकं निवळेपर्यंत दोघी हलल्या नाहीत. मध्येच पाठीमागे खरवडल्यासारखं झालं, दोघींनाही. मागे कुणीच बघितलं नाही.