न्हाणीत पडलो तेव्हा

मागच्या हिवाळ्यात, धामणगाव बढ्याला, मी आमच्याच न्हाणीघरात पडलो. अंगावर नुसता ओला पंचा, तोही अर्धा सुटलेला. आवाज ऐकून सून दाराशी आली.

"मामाजी, काय झालं?"

"काही नाही. बादली पडली."

उठायला गेलो तर कंबरेत कळ आली. मुलगा नोकरीला बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच. जन्मभर शाळेत पोरांकडून कवायत करून घेतली मी. सुनेसमोर कधी बिनसदऱ्याचा गेलो नाही. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा मी नुसता कण्हलो. मग तिनं दार लोटलं, मान वळवली आणि चादर आत टाकली. पंच्यात लघवी झाली होती. पाण्यात कळणार नाही, असं मी मनाला बजावत होतो. पण वास कुठे लपतो?

"कोणाले बोलावू नको, बाई."

"काऊन? मी एकटीच ओढू का तुमाले? मोठ्या मामाजीचं काय झालं, इसरले का?"

माझे थोरले भाऊ असेच पडले होते. आम्ही चौघांनी ओढून उचललं, जीपमध्ये घातलं, शहरातल्या दवाखान्यात नेलं. हाड मोडलेलंच नव्हतं. तरी तपासण्या, खोलीचं भाडं, सोबत्यांचं खाणंपिणं. त्या सालचं सोयाबीन त्यातच गेलं. आणि खाटेवर पडून पडून पायांतलं बळ गेलं ते गेलंच.

पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी तालुक्यात वेगळी गाडी निघाल्याचं सुनेला गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईनं सांगितलं होतं. तिनं फोन लावला. ओढू नका, पांघरूण घालून ठेवा, असं तिकडून सांगितलं. गाडीतून एक नर्सबाई आली आणि व्यायाम शिकवणारा एक जण. त्यांनी डोकं, मान, कंबर चाचपली, पाय हलवायला लावले. मग अंगाखाली हवेची गादी सरकवली. ती फुगत गेली तसा मी वर आलो. दारात शेजारणी जमल्या होत्या. मी डोळे मिटून घेतले.

"हाड शाबूत दिसतं, आजोबा. दवाखान्यात न्यायचं काम नाही," नर्सबाई म्हणाली. उभं राहताच माझा रक्तदाब उतरत होता. तिनं डॉक्टरांना फोनवर विचारून रक्तदाबाची गोळी कमी केली.

दुसऱ्या दिवशी तो व्यायामवाला पुन्हा आला. जमिनीवरून कसं उठायचं ते शिकवलं: आधी कूस, मग गुडघे, मग खुर्चीचा आधार. सुनेलाही बघायला बसवलं. कवायतीचा मास्तर सुनेसमोर लेकरासारखा रांगला. तिनं एकदाही हसू येऊ दिलं नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मुलानं फोनवर खर्च विचारला. न्हाणीत धरायला लोखंडी दांडी बसवली, तेवढाच, असं सून म्हणाली.

चालता येऊ लागल्यावर पारावर गेलो. एकानं विचारलंच, "गुरुजी, ते गाडी कोणासाठी आली होती?"

पाहुण्याचं नाव सांगावं असं तोंडाशी आलं होतं.

"मीच पडलो होतो. न्हाणीत." कान तापले.

परत निघालो तर पिठाच्या गिरणीचा म्हातारा मालक मागोमाग आला. कोपऱ्यावर थांबून त्यानं पायजमा वर केला. गुडघा काळानिळा पडला होता.

"लय दिवसांपासून सारखा पडतो मी, गुरुजी," तो हळूच म्हणाला. "घरी सांगितलं नाही. तो नंबर सुनबाईजवळ हाय का?"

"हाय. चाल."

मी त्याचा हात धरला. कोणी कोणाला आधार दिला ते ठाऊक नाही, पण आम्ही दोघं सावकाश घराकडे निघालो.