सासूबाई बघतात, मी नाही

आशाचा फोन कोणी मध्येच ठेवत नाही, ही ऑफिसातली ख्याती होती. ऑफिस दुबईत, पण फोन सगळे विलायतेला जायचे, लेस्टरला नाहीतर बर्मिंगहॅमला. तिकडच्या आपल्या लोकांसाठी हिंदीतून चालणारं एक लंडनचं चॅनल होतं. त्या देशात कोण काय बघतं ते मोजायला काही घरांत यंत्रं बसवलेली असतात म्हणे, पण त्यात आपली घरं म्हणजे आमटीतल्या मोहऱ्या. म्हणून हे चॅनल दुबईहून बायकांकरवी फोन करून विचारून घ्यायचं, काल दुपारी काय पाहिलंत, घरातल्या कोणी पाहिलं. त्यावर ठरायचं, कुठला कार्यक्रम कुठल्या वेळेला लावायचा आणि कुठला उचलून टाकायचा.

साहेबांचा नियम सोपा होता. जो फोन उचलेल त्यालाच विचारायचं, तुम्ही काय पाहिलंत. पण आशा पडली साताऱ्याकडची, भरल्या घरात नांदलेली. परक्याच्या घरी फोन लावायचा आणि वडीलधाऱ्यांची चौकशी न करता थेट सुनेला विचारायचं, हे तिच्या जिभेला जमेना. मग ती सुरुवातच करायची, "नमस्ते भाभी, माँजी कैसी हैं? कल दोपहर को माँजी ने क्या देखा?" पलीकडची सून खुलायची आणि भराभर सांगायची. इतर मुलींचे फोन आपटले जायचे, हिचे लांबत जायचे. खैरुद्दीन म्हणून तिचा सुपरवायझर होता, तो नव्या मुलींना म्हणायचा, "आशाजी से सीखो."

दुबईशेजारच्या शारजात, अल मजाज भागात आशा राहायची, त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर नूरजहाँ राहायची. श्रीवर्धनची पोर, नवऱ्यापासून वेगळी झालेली, एकटीच्या हिमतीवर उभी. त्याच चॅनलवर दुपारचा कार्यक्रम करायची. दुबईच्या स्टुडिओत उभी राहून कालवण रटरटत ठेवायची आणि विलायतेतल्या बायकांचे फोन घेऊन त्यांची गाऱ्हाणी ऐकायची. एखादीला हसवायची, एखादीला दटावायची. घरी आली की आशाकडे चहाला. "आशाताई, दिवसभर बोलून घसा बसला, आता तुम्ही बोला."

मग दोन हजार आठ साल आलं आणि बँका बुडाल्या. बुडाल्या अमेरिकेत, पण पाणी शिरलं इथे. क्रेन माना वर करून जागच्या जागी थांबल्या. आशाच्या नवऱ्याला, प्रकाशला, कंपनीने बिनपगारी रजेवर घरी बसवलं. चॅनलच्या जाहिराती आटल्या. लंडनहून हुकूम आला, दुपारचे कार्यक्रम कमी करायचे. तरण्या गृहिणी बघतात ते ठेवा, कारण साबण आणि मसाले त्या विकत घेतात. म्हाताऱ्या बघतात ते काढा.

एकदा डबा खाताना खैरुद्दीन आकडे बघत म्हणाला, "नूरजहाँ का शो तो बुढ़ियों का निकला. सब माँजी लोग देखते हैं."

आशाने हातातला घास परत डब्यात ठेवला. कुठली सून परक्या बाईला फोनवर सांगेल, की मी दुपारी पाय पसरून टीव्ही बघत होते? त्यात आशाने आपणहून सासूचं नाव पुढे केलेलं. आयतं पांघरूण मिळालं त्या पोरींना. "माँजी देखती हैं जी, मैं तो किचन से सुन लेती हूँ." आशा स्वतःही साताऱ्याला असताना शेजारणींना हेच सांगायची, सासूबाई बघतात, मी नाही. आणि सासूबाई बिचाऱ्या तेव्हा घोरत असायच्या.

घरी येऊन तिने प्रकाशला सांगितलं.

"आकडे गुरुवारी लंडनला जायचेत. त्याआधी मी चूक सांगते. पुन्हा फोन करू म्हणते."

"आणि त्यांनी तुलाच काढलं तर?"

"अहो, पण नूरची नोकरी जाईल."

"तुझी गेली तर आपणही बॅगा भरायच्या. माझं काय चाललंय ते बघतेसच."

तो काही वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता.

दुसऱ्या दिवशी आशा खैरुद्दीनच्या टेबलाशी गेली आणि पेन मागून आली. पुन्हा गेली, तर चहा घेणार का विचारून आली. त्याने पेनही दिलं आणि चहाही घेतला.

संध्याकाळी लिफ्टमध्ये नूरजहाँ भेटली. "ताई, तुमच्याकडे कळतं ना सगळं? काय म्हणतात माझ्या बायका? बघतात का मला?"

"बघतात गं," आशा म्हणाली. "होईल चांगलं, इन्शाल्ला." आणि आपला मजला यायच्या आधीच दाराकडे तोंड करून उभी राहिली.

गुरुवार आला आणि गेला.

नूरजहाँचा कार्यक्रम बंद झाला, पाठोपाठ नोकरीवरचा व्हिसाही खलास. निघायच्या आदल्या दिवशी ती आशाकडे खोबरं खवायची विळी घेऊन आली. "विमानात वजन होतंय. तुमच्याकडेच ठेवा."

आशाने हात पुढे केला नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. माँजींची चौकशी, सुनांची पांघरुणं, खैरुद्दीनचं टेबल.

नूरजहाँ म्हणाली, "म्हणजे त्या बघत होत्या?"

"तरण्याताठ्या सगळ्या."

"मला वाटत होतं मीच शिळी झाले. आरशात बघणं सोडलं होतं मी." तिचा चेहरा जरा उजळला, आणि उजळता उजळता विझला. "लिफ्टमध्ये विचारलं होतं मी तुम्हाला."

नूरजहाँने विळी भिंतीशी ठेवली आणि जिना चढून वर गेली. चहा राहिलाच.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडताच आशाने खैरुद्दीनला सांगितलं. एवढे दिवस जे जड होतं ते चार वाक्यांत संपलं. तो म्हणाला, "आशाजी, अब बोल के क्या फायदा?" तिला काढलंही नाही. तिच्याइतके फोन कोण करणार?

त्या दिवशी लेस्टरच्या पहिल्याच घरी तिने नियमाप्रमाणे विचारलं, "भाभी, आपने क्या देखा?"

पलीकडचा आवाज खाली उतरला. "मैं कहाँ देखती हूँ जी. पर वो दोपहर वाली नूरजहाँ, खाना बनाती थी ना, वो आजकल आती नहीं. कहाँ गई वो?"

आशाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ती बाई वाट बघत होती.