शेवटच्या तारखेचा हार

महिन्याची शेवटची तारीख आली की जबलपूरच्या एका कारखान्याचं फाटक आणि त्यासमोर मांडलेले झेंडूचे हार आजही माझ्या डोळ्यांसमोर येतात. उपनिरीक्षक म्हणून स्वतंत्रपणे माझ्याकडे सोपवलेलं ते पहिलं मोठं प्रकरण. पुढे घरच्या कारणांमुळे मी वेळेआधीच स्वेच्छेने पोलीस सेवेतून बाहेर पडले. या प्रकरणातली बहुतेक माणसं त्याच शहरात राहतात, म्हणून इथे कोणाचंही नाव देत नाही.

दुपारी ठाण्यात थोडी शांतता असते. सकाळची हजेरी झालेली असते, कोर्टाकडे जाणारे शिपाई निघून गेलेले असतात. ज्यांना चारचौघांत बोलायचं नसतं, अशी माणसं नेमकी या वेळेला येतात. त्या दिवशी साठीच्या आसपासच्या एक काकू आल्या आणि दारातच थबकल्या. रोजनामचा लिहिणाऱ्या मुंशीजींनी त्यांच्याशी दोन शब्द बोलून त्यांना माझ्या टेबलाकडे पाठवलं.

"मैडम, आपकी तरफ़ की हैं," ते म्हणाले.

काकूंनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. "जय भीम म्हणू का नमस्ते? तुमाले काय चालते?"

"जय भीम, काकू. बसा."

त्या बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर. "रिपोर्ट लिहायची आहे. पण ह्यायले माहीत नाही मी इथं आली ते."

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, मराठी फक्त घरात. ठाण्यात सगळा कारभार हिंदीतून चाले, त्यामुळे ड्यूटीवर मराठी बोलायची मला सवय नव्हती. मी कमीच बोलत होते आणि काकू सांगत गेल्या.

त्यांचे यजमान संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाले होते. सगळं आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. निवृत्तीनंतर काही महिन्यांत क्वार्टर सोडावं लागतं. काकूंचं म्हणणं होतं की पीएफ-ग्रॅच्युइटीचा पैसा पोस्टातल्या मासिक व्याजाच्या योजनेत ठेवावा, भाड्याने दोन खोल्या घ्याव्यात, मग शांतपणे घर शोधावं. काकांना जमीन हवी होती. हा वाद चालू असतानाच एक दिवस काका एका दलालासोबत शहराबाहेर, तिलवाऱ्याकडच्या रस्त्यावर प्लॉट बघायला गेले आणि आलेल्या पैशातला मोठा भाग देऊनच परतले. घरी विचारलं नाही. करारनामा झाला होता, रजिस्ट्री पुढच्या महिन्यात होणार होती. तो महिना आला तेव्हा दलालाचं ऑफिस बंद होतं, फोन बंद होता. प्लॉटवर जाऊन पाहिलं तर दुसऱ्याच कुटुंबाने तारेचं कुंपण घातलेलं. त्या कुटुंबाकडेही तसाच करारनामा होता.

"तेव्हापासून जेवत नाहीत धड," काकू म्हणाल्या. "म्हणतात, पेन्शन आहे ना, भागेल. पण मले माहीत आहे, ते पैशासाठी नाही, माझ्याकडं पाहाले लाजून राहिले."

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. करारनाम्यावरचं दलालाचं नाव खोटं निघालं. जमीन एका शेतकऱ्याची होती. त्याने रस्त्याकडेला बोर्ड लावायला जागा भाड्याने दिली होती, एवढाच त्याचा संबंध. आमच्या हातात माणूस नव्हता, त्याचा पत्ता नव्हता आणि खरं नावही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांचा जबाब घ्यायला क्वार्टरवर गेले. काका पलंगावर पाठ ताठ ठेवून बसले होते. मी पाणी प्यायले आणि गप्प बसले. नवीन असल्यामुळे मला लवकर प्रश्न सुचत नसत. त्यामुळे समोरचा माणूसच शेवटी बोलायला लागे, हे मी तोवर पाहिलं होतं.

"तुमी विचारा ना, मॅडम," काका म्हणाले. "काहून गप्प आहात?"

"जमीनच का घ्यायची होती, काका?"

"अच्छा, ते." त्यांनी भिंतीकडे हात केला. "या भिंतीत खिळा ठोकायचा तर अर्ज करा लागत होता. चाळीत वाढलो, क्वार्टरमध्ये म्हातारा झालो. पोस्टातला पैसा कोणाले दिसते? पाहुणा आला तर त्याले पासबुक दाखवू काय?"

"प्लॉट दाखवला न पाहुण्यायले," आतून काकू म्हणाल्या. "कुंपणाबाहेरून."

काकांनी मान खाली घातली, पण त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येऊन गेलं. या घरात अजून बोलणं बंद पडलेलं नाही, एवढं मला कळलं.

पलंगाच्या वर निवृत्तीच्या दिवसाचा फोटो फ्रेम करून लावलेला होता. आमच्याकडच्या कारखान्यांत एक रिवाज आहे. त्या महिन्यात निवृत्त होणारे सगळे शेवटच्या तारखेला बाहेर पडतात. फाटकावर ढोल असतो, गुलाल असतो, सेक्शनमधले लोक हार घालतात आणि वाजतगाजत घरापर्यंत सोडायला येतात. फोटोत काका हारांनी गळ्यापर्यंत झाकले गेले होते. सफारी घातलेला एक गृहस्थ त्यांच्या गळ्यात आणखी एक हार घालत होता.

"हे तुमच्या सेक्शनचे का?" मी विचारलं.

काकांनी वर पाहिलं. उठून फोटोजवळ गेले. मग म्हणाले, "तोच आहे तो."

"दलाल?"

"हो. मले वाटलं दुसऱ्या सेक्शनमधला असेल. मिठाई घेऊन घरापर्यंत आला. सेक्शनमधल्या लोकायले वाटलं माझ्या ओळखीचा. मले वाटलं त्यांच्या. आठ दिवसांनी रस्त्यात भेटला, पाया पडला, म्हणे दादा, राहायचं काही ठरलं काय."

मला वाटतं, तपास फिरला तो 'दुसऱ्या सेक्शनमधला असेल' या वाक्यावर. हजारो कामगारांच्या कारखान्यात अनोळखी चेहरा हा कोणाला संशयाचा वाटत नाही; तो फक्त दुसऱ्या सेक्शनचा असतो. कोण निवृत्त होतंय, कोणाच्या हाती रक्कम येणार आणि कोणाला क्वार्टर सोडावं लागणार, हे सगळं त्या माणसाला फाटकावर उभं राहून कळत होतं.

आम्ही तारेचं कुंपण घातलेल्या कुटुंबाकडे गेलो. त्यांच्याही भिंतीवर तसाच फोटो, त्यातही तोच गृहस्थ. त्यांनी सांगितलेल्या आणखी एका घरीही तेच. शहरात असे कारखाने अनेक. हा आता पूर्वीच्या फाटकावर येणार नाही, एवढा अंदाज आमच्या ठाणा प्रभारींनी, म्हणजे टीआय साहेबांनी बांधला. त्यांनी फोटोवरून चेहरा काढून घेतला आणि आमच्या हेड कॉन्स्टेबलांना सगळ्या फाटकांबाहेरच्या हारवाल्यांकडे पाठवलं.

खबर मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका हारवालीकडून. "ये भैया तो हर महीने आते हैं," ती म्हणाली. "सबसे मोटी माला लेते हैं और भाव नहीं करते. सेक्शन वाले तो चंदे का पैसा रहता है, एक-एक रुपया तुड़वाते हैं." या महिन्यासाठीही त्याने हार सांगून ठेवले होते.

शेवटच्या तारखेला आम्ही साध्या कपड्यांत गेलो. मी सलवार-कमीज घालून हारवालीच्या शेजारी उभी होते. कारखान्याचा भोंगा झाला, ढोल सुरू झाला. निवृत्त होणारे एकेक करून बाहेर येऊ लागले. कोणी रडत होतं, कोणी उगाच घड्याळ बघत होतं. तेवढ्यात तो आला. इस्त्रीचा सफारी, कपाळाला थोडा गुलाल, हातात हार. एका गृहस्थाच्या गळ्यात हार घालायला त्याने हात वर केले आणि हेड कॉन्स्टेबलांनी ते हळूच धरले. आजूबाजूच्यांना वाटलं, नाचायला ओढताहेत. ढोल थांबलासुद्धा नाही.

विचारपूस मात्र अवघड गेली. तो घाबरत नव्हता. "साहब, सौदा है. सौदे में देर-सवेर होती है. रजिस्ट्री करा देंगे," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पैसा कुठे आहे, तर "जमीन में लगा है." कोणती जमीन, तर "कई जगह." साहेबांनी आवाज चढवला नाही. असा माणूस ओरडण्याने आणखी तोंड मिटून बसतो, हे त्यांना ठाऊक होतं. मला मात्र मनातून काळजी होती. पैसा खरोखरच जमिनींमध्ये वेगवेगळ्या नावांनी पेरलेला असेल, तर तो सोडवेपर्यंत काका-काकूंची वर्षं निघून जाणार होती.

त्या दिवसांत माझ्याही घरी हाच विषय होता. पगार सुरू झाला, आता कर्ज काढून एक प्लॉट बुक कर, असं बाबांनी लावून धरलं होतं. विचारपूस चालू असताना साहेब चहा घेत होते, तेव्हा मी त्याला सहज विचारलं, "आपने ख़ुद प्लॉट किधर लिया है?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "क्यों मैडम, आपको लेना है क्या?"

"पिताजी पीछे पड़े हैं."

त्याने खुर्ची पुढे ओढली. कपाळावरची आठी गेली. "अभी मत लीजिए," तो आपुलकीने म्हणाला. "नौकरी नई है. जमीन में पैसा फँस जाता है. रखवाली करो, नामांतरण के चक्कर काटो, बेचने जाओ तो ग्राहक नहीं. एफडी कीजिए, अलग-अलग मियाद की. जब जी चाहे तोड़ लो. हम तो..."

तो थांबला.

साहेबांनी कप खाली ठेवला. "हाँ, आप तो?"

त्याने पाणी मागितलं. पाणी दिलं. मग आम्ही दोघंही काही बोललो नाही. मला गप्प बसायला काहीच कष्ट पडत नव्हते. शेवटी त्यानेच सांगायला सुरुवात केली. पत्नीच्या आणि मेहुणीच्या नावावर त्याने मुदत ठेवी ठेवल्या होत्या. बँकेत पैसा ठेवणारा मूर्ख, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. त्याच्या स्वतःच्या नावावर हातभरही जमीन नव्हती. केव्हाही मोडता याव्यात म्हणून त्याने ठेवी केल्या, आणि म्हणूनच आम्हाला त्या बँकांना पत्रं देऊन लगेच गोठवता आल्या. पैसा खरंच जमिनीत असता तर हे इतकं सोपं झालं नसतं.

न्यायालयाच्या आदेशाने रकमा टप्प्याटप्प्याने परत मिळाल्या. सगळी रक्कम नाही, पण काकांची बहुतेक आली.

या प्रकरणानंतर बऱ्याच ओळखीच्यांनी मला विचारलं, मग काय, जमीन वाईट आणि बँक चांगली? माझं तसं मत नाही. शहरातल्याच चेरीतालला वेळेवर लहानसं घर घेऊन ठेवलेले कितीतरी कामगार आज निर्धास्त आहेत, आणि नुसत्या व्याजावर बसलेल्यांना दर वर्षी महागाई टोचते. मी शिकले ते वेगळंच. म्हातारपणी कुठे राहायचं आणि कशावर जगायचं, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. निवृत्तीच्या वेळी, क्वार्टर सोडायची नोटीस हातात असताना, माणसाला ते एकच वाटतात. त्या दलालाने प्लॉट विकलाच नव्हता. दोन्ही प्रश्न एका दिवसात सुटल्याचं समाधान विकलं होतं. त्याच्या धंद्यात एकच धोका होता: गिऱ्हाईक घरी जाईल आणि बायकोशी बोलेल. म्हणून पैसे जागेवरच, त्याच दिवशी. बाबांना मी हे सांगितलं. प्लॉट घेतला नाही, पण त्यांच्यासोबत बसून पहिल्यांदा सगळा हिशोब नीट मांडला. काही ठेव, काही म्युच्युअल फंड, घराचा विचार पाच वर्षांनी. ते थोडे कुरकुरले, पण त्यांना बरं वाटलं.

बदली होण्याआधी मी काका-काकूंना भेटायला गेले. ते चेरीतालला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. पोस्टातली ठेव दोघांच्या नावावर होती, पहिलं नाव काकूंचं. उरलेली रक्कम घरासाठी बाजूला ठेवली होती. घाईने काही घ्यायचं नाही, असं ठरलं होतं. भिंतीत खिळे मात्र काकांनी भरपूर ठोकले होते. घरमालकाची हरकत नव्हती.

चहा झाला तेवढ्यात काकांचा फोन वाजला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग फोन कानापासून दूर धरला.

"ऐकून राहिली काय? नवीन कॉलनी आहे म्हणते. आज बुकिंग केलं तर सूट आहे."

काकू तांदूळ निवडत होत्या. "त्याले विचारा, कागद घरी ठेवून जाईल काय. आमी वकिलाले दाखवू, मग सांगू."

काकांनी शब्दशः तसंच विचारलं. पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि फोन बंद झाला.

"ठेवला त्यानं," काका म्हणाले.

"चलो, बरं झालं. त्यानं ठेवला त्याचं मले काही नाही, पण तुमी विचारलं न मले, ते बरं वाटलं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा सुपाकडे वळल्या.